गेटरचा भरवसा किती?

(दुचाकीची निगा : लेखांक अकरावा)

साखळीच्या ताणाचे प्रकरण या आठवड्यात पुरे करण्याचे मी कबूल केले होते. परंतु हवेच्या दाबावरील लेखांक वाचून सातारा शहरातील एका वाचकांनी जे पत्र धाडले आहे, त्याचे उत्तर आणखी आठ दिवस तहकूब ठेवणे मला जोखमीचे वाटते, म्हणून साखळीला पुढील आठवड्याची मुदत देत आहे. पत्रातील मजकूर असा की, आंबेनळी घाट उतरताना मागचे चाक रस्त्याकडेच्या धारदार दगडावर घासले आणि टायरच्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी आरपार चीर पडली. वाटेतल्या पंक्चरवाल्याने आतून गेटर टाकून नवी ट्यूब बसवून दिली आणि तेव्हापासून हवा तिळभरही उतरलेली नाही. तर याच टायरवर सपत्नीक कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनास जाण्यास हरकत आहे काय?

हरकत आहे; आणि ती कोणती हे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ‘हवा टिकते आहे’ ही गोष्ट आपल्याकडे टायरच्या धडधाकटपणाचा पुरावा म्हणून सर्रास मंजूर केली जाते, वस्तुतः ट्यूब असलेल्या चाकात तो दाखला फक्त ट्यूबचा असतो आणि टायरविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

टायरमधले रबर रस्ता धरून ठेवते, पाण्यापासून व झिजेपासून आतील भागाचे रक्षण करते. पण भार पेलण्याचे काम त्या रबराच्या पोटात दडलेल्या धाग्यांचे असते. बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने 1888 साली ज्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्यातही हवा धरणाऱ्या रबरी नळीला कापडाचे वेष्टन होते, कारण वेष्टनाशिवाय रबर फुगतच जाते. आज त्या कापडाच्या जागी नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचे थर आले, परंतु कामाची वाटणी तीच राहिली. म्हणून जखमी टायरसमोर बसल्यावर विचारावयाचा पहिला प्रश्न, चीर किती मोठी आहे हा नसून, चीर धाग्यापर्यंत पोहोचली आहे काय, हा आहे.

आता थोडा हिशेब करू. मागच्या टायरमध्ये 30 पाउंड हवा भरली म्हणजे आतील दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 2 किलोंचा रेटा पडतो. टायरची रुंदी 10 सेंटिमीटर धरून तिच्या निम्म्याने या रेट्यास गुणले, तर बाजूच्या भिंतीच्या दर सेंटिमीटर लांबीवर ढोबळमानाने 10 किलोंची ओढ येते, आणि ती गाडी दाराशी उभी असतानाही अखंड चालू असते. दीड सेंटिमीटरच्या चिरेत जे धागे तुटले, त्यांच्या वाट्याची सुमारे 15 किलोंची ओढ चिरेच्या दोन टोकांशी उरलेल्या धाग्यांवर जाऊन पडते. त्यात चाकाचा परीघ 2 मीटरच्या आसपास असल्यामुळे दर किलोमीटरला ते 500 वेळा फिरते, प्रत्येक फेरीत भिंतीचा तो भाग जमिनीजवळ येऊन एकदा वाकतो व पुन्हा सरळ होतो. म्हणजे सातारा ते कोल्हापूर या सुमारे 120 किलोमीटरांच्या वाटेत त्या जखमेची 60,000 वेळा उघडझाप होणार, आणि तीही दोन माणसांच्या ओझ्याखाली, तापलेल्या रस्त्यावर.

या सगळ्यात गेटर काय करतो? जुन्या टायरचा, कडा घासून पातळ केलेला तुकडा चिरेच्या आतल्या अंगाला बसवला, की ट्यूब त्या फटीतून बाहेर डोकावत नाही. अंतर्गळाच्या रुग्णाला जसा पट्टा, तसा टायरला गेटर : आतले बाहेर येऊ देत नाही, पण फाटलेले सांधतही नाही. शिवाय तो स्वतःचे एक दुखणे घेऊन येतो. काही दिवस चाललेला असा टायर रिमवरून उतरवून पाहावा. शंखजिऱ्याची पूड कितीही सढळ हाताने मारलेली असली, तरी गेटरच्या कडेची रेघ ट्यूबवर जशीच्या तशी उमटलेली दिसते, तिथले रबर घासून चकचकीत व पातळ झालेले असते आणि बोटाला काळी भुकटी लागते.

एवढे सांगूनही, गेटर टाकणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाही. आडरानात, जिथे नवा टायर मिळण्याची सोय नाही अशा ठिकाणी तोच प्रवाशाला घरी पोहोचवतो, आणि मागच्या चाकाला, एकट्याने, सावकाश, जवळच्या गावापर्यंत जाण्याइतकाच त्याचा उपयोग रास्त आहे. पुढच्या चाकाला मात्र तेवढीही मुभा देऊ नये; मागचा टायर फुटला तर गाडी हेलकावे खाते आणि सावरण्यास क्षणभर तरी अवधी मिळतो, पुढचा फुटला तर हँडलवरचा ताबाच जातो.

ज्यांना स्वतः खातरजमा करून घ्यावयाची असेल त्यांनी टायर रिमवरून उतरवून साबणाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि भरउन्हात चिरेच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून ती उघडावी. तळाशी काळे रबर दिसले तर जखम वरवरची आहे. पांढुरके दोरे पिंजलेले दिसले तर निकाल लागला. मग आतून हात फिरवावा : भिंतीला गोल वळ्या पडल्या असतील, किंवा आत काळी भुकटी साचली असेल, तर टायर हवेविना किंवा कमी हवेवर दौडवला गेला आहे आणि बाहेरून तो कितीही नवा दिसला तरी बाद आहे. बाजूला फुगा आला असेल, किंवा काठातली पोलादी तार वाकली वा उघडी पडली असेल, तर पुढील चर्चेचे कारणच उरत नाही.

दुरुस्तीस पात्र अशी जखम एकच : नक्षीच्या मधल्या पट्ट्यात खिळ्याने पडलेले, 6 मिलिमीटरपर्यंतचे भोक, आणि ट्यूबलेस टायरमध्ये तेही आतून तपासून, आतूनच ठिगळ व बूच बसवून बुजवलेले. बाहेरून खुपसलेली पट्टी वाटेपुरती मानावी. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतलेला दिसला आणि दुरुस्तीचे साहित्य जवळ नसेल, तर तो उपटू नये. पुष्कळदा तोच हवा अडवून धरतो.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांस माझे सांगणे असे की, कोल्हापूरचा बेत कायम ठेवावा, पण नव्या टायरवर जावे, आणि सोबत ट्यूबही नवीच घालावी, कारण सध्याच्या ट्यूबवर गेटरची कड घासू लागलेलीच असणार. जुना टायर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या काठाची तार करवतीने तोडून टाकण्यास विसरू नये, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या चाकावर चढणार नाही.