अडेनियमचं पोट

एक काप झाला की ब्लेड स्पिरिटच्या वाटीत जातं, फडक्यावर पुसलं जातं आणि मगच दुसऱ्या झाडाला लागतं. कलम बांधणाऱ्या मावशी हे न बघता करतात. नजर समोरच्या खुंटावर असते. बोटभर उंचीवर खोड आडवं छाटलेलं, कापावर पाण्यासारखा चीक डवरलेला. तो टिपून घ्यायचा, मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच घ्यायची, कलमकाडीचं टोक तेवढ्याच कोनात तासायचं आणि पाचर खाचेत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवत नाहीत, एका कडेला सरकवतात, म्हणजे निदान एका बाजूची साल तरी जुळते. मग ताणता येईल अशा पातळ प्लॅस्टिक पट्टीचे वेढे आणि वरून उलटी घातलेली छोटी पिशवी. पिशवीच्या आत काडीचा ओलावा टिकतो आणि बाहेरून पाण्याचा थेंब सांध्यावर पडत नाही.

उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांना तोटा नाही. त्यातल्या एकीत फेब्रुवारीच्या शेवटापासून वळवाचे ढग दिसेपर्यंत अडेनियमची कलमं बांधली जातात. बाजारात हे झाड ‘डेझर्ट रोज’ म्हणून विकलं जातं, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते कण्हेर, चाफा, सदाफुली यांच्याशी. मावशींचा हात आधी आंब्याच्या आणि गुलाबाच्या कलमांवर बसलेला. “आंब्याची काडी लाकडाची,” त्या म्हणतात, “हात जरा जड पडला तरी चालतं. हिचं सगळं मांसच. दाबलं की काळी पडते.” कागदाच्या पुड्यांत पानं काढलेल्या काड्या ठेवलेल्या असतात आणि पुडीवर फुलाचं नाव नसतं, नंबर असतो. थायलंड आणि तैवानमधल्या बागायतदारांनी या झाडाच्या इतक्या रंगांच्या आणि पाकळ्यांच्या जाती काढल्या आहेत, की नावं ठेवायचा उत्साह मागे पडला असावा. दुहेरी, तिहेरी पाकळ्या, काळपट लाल, पिवळा, कडा वेगळ्या रंगाची, पट्टेदार. मला स्वतःला साधं एकेरी गुलाबी फूलच जास्त आवडतं, पण रोपवाटिकेत हे बोलून उपयोग नसतो, कारण तिथे साधं गुलाबी म्हणजे खुंट.

खुंट बियांपासूनच करतात. फांदी लावली तर मुळं फुटतात, झाड जगतं, पण बियाच्या रोपाला बुंध्याशी जो फुगीर भाग येतो तो फांदीच्या झाडाला सहसा तसा येत नाही. आणि अडेनियम घेणारा माणूस निम्मे पैसे त्या पोटाचेच मोजतो. बी मिळवणं हे वेगळंच नाजूक काम आहे. फुलाच्या नळीत परागकोशांचा एक मिटलेला शंकू असतो, पराग त्याच्या आत आणि कुक्षीही आतच. कीटकांच्या भरवशावर शेंगा क्वचित धरतात. म्हणून सकाळी लवकर, फूल ताजं असताना, पाकळ्यांची नळी एका बाजूनं फाडायची, बारीक काडीनं किंवा ब्रशाच्या दोन-तीन केसांनी एका फुलातले पराग उचलायचे आणि दुसऱ्याच्या शंकूच्या बुडाशी सारायचे. साधलं तर काही दिवसांत दोन टोकदार शेंगांची जोडी दिसू लागते. शेंग पोसायला दोन-तीन महिने जातात. त्या काळात तिला दोऱ्याचे वेढे द्यावे लागतात, कारण ती उकलली की बिया उडून जातात. प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांना रेशमी तंतूंचा झुबका असतो. ताजं बी आठवड्याच्या आत उगवतं आणि दोन पानांचं रोपसुद्धा बुडाशी जाडसर असतं.

चिकापासून जपायचं. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं असतात. टांझानियातले हाड्झा शिकारी याच कुळीच्या झाडाच्या रसानं बाणांची टोकं विषारी करतात. मावशींचा नियम एवढाच, की टेबलावरून उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही आणि टेबलाजवळ चहा आणायचा नाही.

झाड आपल्याकडचं नाही. सेनेगलपासून सोमालियापर्यंतचा आफ्रिकेचा कोरडा पट्टा, खाली केनिया-टांझानिया आणि समुद्रापलीकडे येमेन, ओमान, सौदी अरेबियाचे खडकाळ डोंगरउतार, हा त्याचा मुलूख. युरोपच्या वनस्पतिशास्त्राला त्याची ओळख करून दिली पेतर फोर्स्कोल यानं. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजानं 1761मध्ये धाडलेल्या अरबस्तान मोहिमेत होता आणि 1763मध्ये येमेनमध्येच हिवतापानं गेला. उरलेले लोक जहाजानं मुंबईकडे निघाले. चित्रकार वाटेत समुद्रावर वारला, वैद्य मुंबईत. शेवटी एकटा उरला तो कार्स्टन नीबूर. या माणसानं मुंबईच्या मुक्कामात घारापुरीची लेणी मोजून त्यांची रेखाटनं केली, ही गोष्ट लेण्यांच्या अभ्यासकांना ठाऊक असते. मात्र मेलेल्या मित्राची टिपणं सांभाळून नेऊन 1775मध्ये छापणाराही तोच होता, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या पुस्तकात हे झाड ‘लठ्ठ कण्हेर’ अशा अर्थाच्या लॅटिन नावानं आलं. एडनच्या नावावरून अडेनियम ही स्वतंत्र प्रजाती 1819मध्ये झाली.

लठ्ठपणा मात्र आयता मिळत नाही. कलमांच्या टेबलामागे दुसऱ्या शेडमध्ये कुंड्या बदलण्याचं काम चालतं आणि मला विचाराल तर खरी कारागिरी तिथे आहे. कलम बांधणं शिकता येतं, पोट घडवायला वर्षं लागतात. रोपवाटिकेचे मालक हे काम स्वतः करतात. झाड कुंडीतून उपटून मुळं पाण्याच्या धारेखाली धुतात, सगळी माती जाऊ देतात. खाली सरळ गेलेलं मूळ असेल तर कापतात आणि आडवी जाणारी ठेवतात. एकावर एक चढलेल्या दोन मुळांपैकी एक जातं. मग झाड उघडंच सावलीत जाळीवर ठेवून देतात, चार-सहा दिवस, जखमा सुकून वर कडक खपली येईपर्यंत. मुळासकट उपटलेलं झाड आठवडाभर हवेत पडून राहतं आणि त्याला काही होत नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. परत लावताना मुळं आधीपेक्षा बोटभर वर उघडी ठेवतात. जे उघडं पडतं ते उन्हावाऱ्यात जाड होतं, सालीवर चकाकी येते, आणि पुढच्या कुंडीबदलाला आणखी बोटभर. मुळं सपाट पसरावीत म्हणून काही जण रोपाखाली प्लॅस्टिकची चकती घालतात. मालकांच्या शेडच्या एका कोपऱ्यात जुन्या सीड्यांची चळत दिसली, ती याच कामासाठी.

कुंडीतला माल म्हणजे माती नव्हेच. भरड वाळू, विटांचा चुरा, कोळशाचे खडे, थोडं कोकोपीट, मूठभर कुजलेलं शेणखत. काळी माती वर्ज्य, ती पाणी धरून ठेवते. वरून ओतलेलं पाणी मोजक्या क्षणांत तळाच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे, आणि मालक ते खरंच मोजतात.

पाण्याबद्दल जितका गैरसमज या झाडाबाबत आहे तितका दुसऱ्या कुठल्या झाडाबाबत असेल असं मला वाटत नाही. ‘पाणी लागत नाही, गावाला गेलात तरी चालेल,’ असं सांगून ते विकलं जातं. गावाला गेलात तर चालतं, हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यात, गच्चीवर रणरणतं ऊन असताना, पानांनी आणि फुलांनी भरलेलं अडेनियम भरपूर पाणी पितं. लहान कुंडीला रोज द्यावं लागतं. न दिलं तर मरत नाही, पोटात साठवलेलं वापरून दिवस काढतं, साल सुरकुतते, वाढ थांबते. तग धरणं आणि वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे पहिलीच सांगतात. उलट डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री गार होतात, पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा तेच झाड पाणी घेत नाही. नेमकी त्याच वेळी घरातल्या कुणाला तरी त्याची दया येते.

मालक पाणी द्यायच्या आधी अंगठ्यानं बुंधा दाबून बघतात. पिकलेला हापूस दाबून बघावा, इतपतच जोर. घट्ट लागला तर पुढे. मऊ लागला तर थांबून विचार, कारण मऊपणाचे दोन अर्थ आहेत आणि उपाय एकमेकांच्या उलट. मे महिन्यातला मऊपणा तहानेचा असतो. तो सगळ्या बुंध्यावर सारखा असतो, पाणी मिळालं की एक-दोन दिवसांत भरून येतो. ऑगस्टमधला मऊपणा बहुतेक वेळा कुजण्याचा. तो एका जागी असतो, पुष्कळदा मातीच्या खाली, साल काळपट आणि बोट आत जाईल इतकी ढिली, जवळ नाक नेलं तर वास येतो. नवखा माणूस तो मऊपणा बघून तहान समजतो आणि पाणी घालतो. झाड तिथेच संपतं.

कुज वेळेत सापडली तर चाकूनं कोरायची, पांढरंशुभ्र मांस लागेपर्यंत. तपकिरी ठिपकाही मागे ठेवायचा नाही. मग बुरशीनाशकाची पूड लावून सावलीत वाळवायचं. निम्मं पोट कोरून काढलेली झाडं मी तिथे फुललेली पाहिली आहेत. एका बाजूला खोल खळगा, त्याच्या कडा जाड होऊन आत वळलेल्या. अशी झाडं मालक विकत नाहीत. त्यांच्यापुढे उभं राहून ती दाखवायला त्यांना आवडतं.

पुण्यात पावसाळ्यात पाऊस पडतो तो बेताचाच, तरी या झाडाला तोही जास्त होतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, कोकणात त्याहूनही अधिक. अडेनियमच्या मुलखातही पाऊस असतो, पण थोडा आणि उतारावरच्या खडीतून लगेच वाहून जाणारा. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात शेडवर पारदर्शक कागद चढतो. ज्या मोठ्या कुंड्या हलवता येत नाहीत त्यांच्या एका कडेखाली वीट सरकवून त्या तिरप्या करतात. अंधाऱ्या कोपऱ्यात हलवणं हा उपाय नव्हे. ढगाळ हवेत आधीच फांद्या काटकुळ्या लांबतात, त्यात उजेड तोडला तर झाड नुसतं वर पळतं. याच दिवसांत कण्हेरीवरच्या पतंगाची अळी येते. हिरवीगार, जाडजूड, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. दोन रात्रींत ती फांदी निष्पर्ण करते. चिकाचं विष तिला बाधत नाही. मावशी तिला चिमट्यानं उचलून कुंपणाकडच्या कण्हेरीवर सोडतात. त्यातून काय साधतं हे मी विचारलं नाही. पिठ्या ढेकूण आणि कोळी मात्र कोरड्या दिवसांचे पाहुणे. त्यांना पाण्याची जोरदार धार आणि निंबोळी तेल.

कलम बांधल्यावर पिशवी दोन-तीन आठवडे काढत नाहीत. काडीच्या डोळ्यावर हिरवा ठिपका फुगलेला दिसला की मग एक कोपरा उघडायचा, दोन दिवसांनी सगळी. काडी काळी पडली असेल तर खुंट थोडा खाली छाटून परत टेबलावर. त्यानंतर आयुष्यभर एकच पथ्य, सांध्याच्या खालून फुटवा आला की तो मोडायचा. खुंटाचा स्वतःचा फुटवा जोमदार असतो आणि कलमाला मागे टाकतो.

मी तिथे असताना हडपसरहून एक बाई कुंडी घेऊन आल्या. वर काळपट लाल, दुहेरी पाकळ्यांची दोन फुलं आणि बुडाजवळून निघालेल्या लांब फांदीवर साध्या गुलाबी फुलांचा घोस. हे असं कसं झालं, त्यांना कौतुक वाटत होतं. मावशींनी सांधा दाखवला, गुलाबी फांदी कुठून निघाली ते दाखवलं. ही काढली नाही तर वर्षा-दोन वर्षांत लाल जाईल, म्हणाल्या.

“पण फुलं तर हिलाच जास्त आहेत,” बाई म्हणाल्या.

“खुंटाची आहेत ती, ताई.”

मावशींनी ब्लेड स्पिरिटमध्ये बुडवलं. बाईंनी कुंडी उचलून कडेवर घेतली आणि विचारलं, ती लाल काडी काढून दुसऱ्या कुंडीत लावता येईल का.