'उघडपणा'चा अर्थ : समलिंगी सैनिक आणि लष्करी कायद्याची भाषा

१

वसईच्या किनाऱ्यावरील भुईगाव आज पालघर जिल्ह्यात मोडते. गेल्या पाच शतकांत या गावाने अनेक राजवटींचे कायदे पाहिले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत तो त्यांच्याच ताब्यात राहिला. त्या काळच्या पोर्तुगीज कायद्यात पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधास जाळून मारण्याची शिक्षा होती. अपराधास विशेषण लावले जाई ते 'नेफांदु'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'ज्याचा उच्चार करू नये असे' हा होय. अठराव्या शतकातील इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टन यानेही याच अपराधाविषयी, ख्रिस्ती लोकांत त्याचे नावही घेऊ नये, असे वचन उद्धृत केले आहे. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ आले. त्यात 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधास शिक्षा सांगितली. परंतु निसर्गक्रम म्हणजे काय याची व्याख्या मात्र दिली नाही.

या परंपरेत दोन निषेध एकत्र नांदतात: एक कृतीचा, दुसरा नामोच्चाराचा. समलिंगी व्यक्तींनी सैन्यात उघडपणे सेवा करावी काय, या प्रश्नाची चर्चा करताना हे दोन निषेध वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे. कारण 'उघडपणे' या क्रियाविशेषणाचा संबंध कृतीपेक्षा उच्चाराशीच अधिक आहे.

२

भारताच्या लष्करी कायद्यात समलिंगी व्यक्तीस नावाने मज्जाव करणारे कलम नाही. १९५० च्या सेना अधिनियमात या विषयाशी निगडित अशी दोन कलमे आहेत. कलम ४५ अन्वये अधिकाऱ्याने आपल्या पदास न शोभणारे वर्तन करणे हा अपराध ठरतो. कलम ४६ मध्ये क्रूर, असभ्य अथवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. त्याच वर्षीच्या वायुसेना अधिनियमातही अशीच तरतूद आढळते.

ही सर्व विशेषणे मूल्यवाचक आहेत. 'न शोभणारे' म्हटले की कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न उरतोच. 'अनैसर्गिक' हा शब्द वस्तुस्थिती सांगतो असा भास होतो. वस्तुतः तोही निवाडाच देतो. कित्येक वर्षे या शब्दास कलम ३७७ चा आधार होता, त्यामुळे त्याच्या अर्थाचा स्वतंत्र विचार करण्याची निकड भासली नाही.

मराठीतील 'अनैसर्गिक' आणि 'समलिंगी' या दोन शब्दांतील भेद येथे उद्बोधक आहे. पहिला शब्द कायद्याच्या भाषेत कृतीचे विशेषण म्हणून येतो. दुसरा व्यक्तीचेही वर्णन करू शकतो, आणि त्यात निंदा असतेच असे नाही. अधिनियमास पहिला शब्द ठाऊक आहे, दुसरा नाही. म्हणून 'मी समलिंगी आहे' एवढेच सांगणारा सैनिक नेमका कोणता अपराध करतो, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत सापडत नाही. ते वरिष्ठांच्या अर्थबोधावर अवलंबून राहते.

३

दिनांक ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने खाजगीत केलेल्या अशा संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य आहे. दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्या कलमाची जागा घेणारे कलमच नाही. सेना अधिनियमातील विशेषण मात्र जेथल्या तेथे आहे.

यावर सैन्याची भूमिका जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन सेनाप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या पत्रकार परिषदेत व्यक्त झाली. सैन्य देशाच्या कायद्याहून श्रेष्ठ नाही हे त्यांनी मान्य केले. परंतु सैन्य पुराणमतवादी असून तेथे असे वर्तन चालणार नाही व त्याचा विचार सेना अधिनियमानुसार होईल, असेही सांगितले. २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनीर यांना समलिंगी सैनिकाची कथा असलेल्या चित्रपटासाठी संरक्षण मंत्रालयाने अनुमती नाकारली. म्हणजे नामोच्चाराचा निषेध केवळ बराकीपुरता राहिला नाही.

या भूमिकेस घटनेचा आधार नाही असे मात्र म्हणता येत नाही. सैनिकांच्या बाबतीत मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेस दिला आहे. व्यभिचाराचे कलम ४९७ न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द केले होते. तथापि त्या निर्णयाचा लष्करी अधिनियमांशी संबंध नव्हता, असे स्पष्टीकरण घटनापीठाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले. हे स्पष्टीकरण व्यभिचारापुरतेच आहे, जोहर निर्णयास ते आपोआप लागू होत नाही. परंतु नागरी दंडविधान बदलल्याने लष्करी विधान आपसूक बदलत नाही, एवढा बोध त्यातून अवश्य होतो.

४

उघड सेवेविरुद्धचा मुख्य आक्षेप पलटणीच्या एकजिनसीपणाचा आहे. सैनिक एका बराकीत राहतात, एका खंदकात झोपतात, परस्परांवर प्राणाचा भार टाकतात. तेथे संकोच अथवा अविश्वास शिरला तर युद्धक्षमता घटेल, असे प्रतिपादन केले जाते. आक्षेप क्षुल्लक नाही. मात्र तो समलिंगी सैनिकाच्या कर्तबगारीविषयी काही म्हणत नाही. तो इतरांच्या मनोवृत्तीविषयी बोलतो.

असा युक्तिवाद महाराष्ट्रास अपरिचित नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जातीं'चा सिद्धान्त बळावला आणि त्यांची भरती बंद पडली. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडताच महारांची पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा कोठे हे दार कायमचे उघडले. जात आणि लैंगिकता या गोष्टी एक नव्हेत, तेव्हा हे साम्य मर्यादेतच घ्यावयास हवे. तथापि शिपायाची योग्यता त्याच्या शिपाईगिरीवरून न ठरविता इतरांच्या ग्रहावरून ठरविली गेली, हे दोन्हींत समान आहे.

स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीतही हाच युक्तिवाद पुढे आला. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व स्वीकारण्यास मनाने सिद्ध नाहीत, असे शासनाचे म्हणणे होते. बबिता पुनिया खटल्यात १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २७ सप्टेंबर १९९९ रोजी स्मिथ व ग्रेडी यांच्या खटल्यात ब्रिटनच्या लष्करी बंदीविषयी असाच विचार मांडला होता: बहुसंख्य सैनिकांची प्रतिकूल भावना हे अशा बंदीचे पुरेसे समर्थन नव्हे, वंश वा वर्ण यांविषयीच्या तशाच भावनेसही कोणी समर्थन मानत नाही. जानेवारी २००० मध्ये ब्रिटनने ती बंदी उठविली.

५

अमेरिकेने १९९३ मध्ये मधला मार्ग काढला. अधिकाऱ्याने विचारू नये, सैनिकाने सांगू नये, असा तो दंडक होता. भाषेच्या अभ्यासकास त्याचे वैशिष्ट्य चटकन जाणवेल. सैनिकाचे असणे चालत होते, उच्चारणे चालत नव्हते. 'मी समलिंगी आहे' हे विधान भावी वर्तनाचा पुरावा मानले जाई, आणि ते खोडून काढण्याचा भार सैनिकावरच पडे. २० सप्टेंबर २०११ रोजी ही पद्धत संपुष्टात आली.

सक्तीच्या मौनाची किंमत सैनिक एकटाच देत नाही. ज्याचे गुपित उघड झाल्यास नोकरी जाईल, त्यास धमकाविणे शत्रूस सोपे जाते. ज्याचे कोणापासून काही लपलेले नाही, त्यास त्या मार्गाने कोणी वाकवू शकत नाही. सुरक्षिततेचा जो मुद्दा बंदीच्या बाजूने मांडला जातो, तो अशा रीतीने उलट फिरतो. दुसरे असे की, उघडपणा म्हणजे स्वैरपणा नव्हे. वरिष्ठाने कनिष्ठाशी संबंध ठेवणे, बळजबरी, बराकीतील असभ्यता ही भिन्नलिंगी सैनिकासही निषिद्धच असली पाहिजेत. शिस्तीचे नियम वर्तनास लागू करावेत आणि ते सर्वांस सारखे असावेत. त्यासाठी 'अनैसर्गिक' या शब्दाची गरज नाही. 'क्रूर' आणि 'असभ्य' हे शब्द त्याच कलमात अगोदरच आहेत.

भुईगावातील एखादा तरुण आज घरी आईवडिलांस आपण समलिंगी आहोत असे सांगू शकतो. घरात वाद होईल, कदाचित अश्रूही येतील. पण कायदा मध्ये येणार नाही. तोच तरुण सैन्यात भरती होऊन तेच वाक्य आपल्या सुभेदारास सांगेल, तेव्हा त्याचा अर्थ काय होईल हे त्यास आधी कळण्याचा मार्ग नाही. वाक्य एक, वक्ता एक, परंतु अर्थ ठरविणारा निराळा. चार शतकांपूर्वी या किनाऱ्यावरील कायद्याने जे नाव अनुच्चारणीय मानले, ते उच्चारण्याची मुभा नागरिकास मिळाली आहे. सैनिकास ती द्यावयाची किंवा कसे, हे संसदेने स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. एका विशेषणाच्या संदिग्धतेवर ते सोडून देणे सैनिकास आणि सैन्यासही न्याय्य होणार नाही.