बोर्डावरचा तो छोटा आकडा

कानबान हा जपानी शब्द, अर्थ साधारण 'पाटी'. १९५०च्या दशकात टोयोटाच्या ताइइची ओनोंनी अमेरिकी सुपरमार्केटच्या पद्धतीवरून कल्पना घेतली: फळीवरचा माल जितका उचलला जाईल, तितकाच मागून भरायचा. सुट्या भागांसोबत कार्ड फिरायचं. कार्ड परत आल्याशिवाय पुढचा भाग बनवायचा नाही. २००४च्या सुमारास डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये हेच तत्त्व सॉफ्टवेअरच्या कामाला लावलं.

तिथे कार्डाच्या जागी बोर्डावर कामांच्या चिठ्ठ्या असतात, पण बऱ्याच टीम 'करायचंय, चालू, झालं' असे तीन रकाने आखून थांबतात. खरी जादू रकान्याच्या डोक्यावरच्या आकड्यात आहे! 'तपासणी'वर ३ लिहिलं, की चौथी चिठ्ठी तिथे लावायचीच नाही. आधी त्या तिन्हींतलं एक काम पुढे सरकवायला सगळ्यांनी हात लावायचा. आमच्याकडे आकडा लिहिला त्याच आठवड्यात दिसलं, सगळं काम एकाच सहकारी ताईंच्या टेबलावर अडत होतं. त्या कधी बोलल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दोघं जण त्यांच्या मदतीला बसले.

रोज सकाळी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, म्हणजे संपत आलेलं काम आधी. आणि हो, चिकट चिठ्ठी वर ओढू नका, आडवी सोलून काढा. कड वळत नाही, भिंतीवर जास्त टिकते.