पाळीच्या कुळागरात एक रविवार

परवा शिकवणीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, सुटीत चहाचा मळा पाहायला कुठे जावे?" चहाच्या मळ्यासाठी आपल्याला निलगिरी नाही तर मुन्नार गाठावे लागते. पण डोंगराचे पाणी, गर्द सावली आणि उन्हातला एक मोकळा दिवस एवढेच हवे असेल, तर गोव्याचे कुळागर आपल्या कोल्हापूरकरांना जवळचे. गेल्या माघात मी पाळीला जाऊन आलो, त्याची ही हकीकत.

बेळगाव, चोर्ला घाट, केरी, साखळी अशी वाट. पाळी हे डिचोली तालुक्यातले गाव. हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. तरी घरातली पोथी, देवळातले भजन आणि उत्सवातले नाटक मराठीच राहिले.

मला जायचे होते दादांकडे. दादा वडिलांचे शिष्य. मी लहान असताना ते आमच्या घरी राहून शिकत. संस्थान १९४९ साली विलीन झाले, पण आजोबांमागून वडिलांनाही गाव अखेरपर्यंत 'दरबारचे गवई' म्हणे, आणि त्यांचा रागही दरबारीच होता. पुढे दादांचे वडील वारले. कुळागर पाहायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून दादा शिक्षण अर्ध्यावर टाकून परतले. "गाणे सोडून सुपारी सोलायला गेला," एवढे बोलून वडिलांनी तो विषय मिटवला तो कायमचा. गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्या कपाटात दादांची तीन पत्रे निघाली. तिन्ही न फोडलेली. ती घेऊन मी निघालो होतो.

दादांनी ओसरीवर बसवून आधी गूळपाणी दिले. मग म्हणाले, "चल, ऊन चढायच्या आत बाग बघू." बाहेर तांबड्या मातीवर ऊन तापले होते, आत चार पावले टाकताच अंगावर गारवा आला. वर पोफळी आणि माड, पोफळींवर चढलेले मिऱ्यांचे वेल, मधे केळी, जायफळ, फणस आणि भिरंडीची झाडे. वरच्याच्या सावलीत खालच्याने वाढायचे, असा सगळा मेळ. डोंगराची झर तळीत साठवायची आणि तिथून पाटाने, नुसत्या उताराच्या बळावर, झाडाझाडाच्या आळ्यात फिरवायची. एक आळे भरले की मातीने तोंड बुजवून पुढचे उघडायचे.

"खाण खोल जात होती तेव्हा ही झर मार्गशीर्षातच आटायची," दादा म्हणाले. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी उपसून टाकावे लागते, आणि भोवतालच्या विहिरी नि झरी त्याची किंमत देतात. गोव्यातले लोहखनिजाचे काम २०१२ साली थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ मध्ये परत थांबले. त्यात ट्रकवर पोट असलेल्यांचे हाल झाले, हेही दादांनी सांगितले. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले. "यंदा झर आहे. पुढचे देव जाणे."

तळीच्या काठी मी पत्रे त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी पाकिटे उलटसुलट पाहिली. चिकटवलेली कड तशीच होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तूच फोड."

तिन्ही पत्रांत मागणे एकच होते. तोडीतल्या एका चिजेची स्थायी पक्की झाली होती, अंतरा शिकायचा राहिला होता. बुवांनी बोलावले तर एका दिवसापुरते येईन, असे लिहिले होते.

"मग इतकी वर्षे?" मी विचारले.

"पहाटे चारला पाणी लावायला येतो. पाणी आळ्यात भरेपर्यंत दुसरे काम काय? स्थायी म्हणतो. पुन्हा स्थायीच म्हणतो."

तो अंतरा वडिलांनी मला दिला होता. मी म्हटला. दादांनी डोळे मिटून ऐकला, मग माझ्यामागून म्हटला. एक जागा चुकली, ती पुन्हा घेतली. सुपारी सोलणाऱ्या त्या हातांवरच्या घट्ट्यांकडे मी पाहत होतो. वडिलांनी एक पत्र जरी फोडले असते!

निघताना दादांनी मिऱ्यांची पुडी दिली. "गुरुदक्षिणा आहे," म्हणाले. मी ती वडिलांच्या तंबोऱ्यापाशी ठेवली आहे.