चार आण्यांची गाडी, बारा आण्यांचा मसाला

नेपरव्हिलच्या ऑग्डन अ‍ॅव्हेन्यूवर गाड्यांच्या डीलर्सची रांग आहे, हे आपल्या मंडळींना सांगायला नकोच. तिथे पाच-सहा वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू एक्स-३ किंवा ऑडी क्यू-५ नव्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत दिसते. मुलगी शँपेनला कॉलेजात निघालेली असते, उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून यायचे असतात, आणि गणपतीच्या कार्यक्रमाला चार ओळखीच्या डोळ्यांसमोर उतरायचंही असतं. मोह होणारच. तो मोडायचा आमचा विचार नाही. दुसऱ्या मालकाच्या घरी ही गाडी बरोबर काय काय घेऊन येते, एवढंच सांगायचं आहे.

मूळ गणित सोपं आहे. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा हजारांना घेतलेल्या गाडीला पार्ट मात्र पन्नास हजारांच्या गाडीचेच लागतात, आणि मेकॅनिकची तासाची मजुरीही तीच. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच!

यातल्या पुष्कळ गाड्या तीन वर्षांच्या लीझवरून आलेल्या असतात. तीन वर्षांनी परतच करायची गाडी, तर तिचं तेल वेळेआधी कोण बदलेल? बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीझ यांची मूळ वॉरंटी चार वर्षं किंवा ५० हजार मैल. ती संपते आणि पहिल्या मालकाच्या आळसाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

आता नेहमीची दुखणी पाहू. २०१२ ते २०१५च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनात टायमिंग चेनला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजतात. चेन सुटली की इंजिनच गेलं. २०११-१२च्या सुमाराच्या ऑडी क्यू-५ची दोन लिटरची टर्बो इंजिनं तेल पितात. काहींना हजारभर मैलांत एक क्वार्ट घालावं लागतं, कारण पिस्टनच्या रिंगांपाशी तेल जळतं. त्यावरून ग्राहकांनी कोर्टाची पायरीही चढली. गॅस्केटमधून तेल झिरपणं तर घरोघरी मातीच्या चुली.

सनरूफच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी गालिच्याखाली आणि तिथल्या वायरिंगमध्ये. मग कधी दिवे लागत नाहीत, कधी दार उघडत नाही, आणि दोष शोधण्यातच मजुरीचे तास जातात.

एक दुखणं मात्र आपल्या काटकसरीतून येतं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केस असते. 'मागचे दोनच टायर बदलू, पुढचे अजून चालतील' असं केलं की चाकांचे घेर सारखे राहत नाहीत आणि भार त्या ट्रान्सफर केसवर पडतो. टायरचे दोनशे-तीनशे डॉलर वाचवायला जावं आणि दुरुस्तीत हजारो घालवावेत!

सर्वांत जपायचं ते इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला. एक्स-३चा विजेवर चालणारा वॉटर पंप पुष्कळदा फारशी सूचना न देता बंद पडतो. पंपाच्या वायरच्या जोडणीत शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका असल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत २०१२ ते २०१८च्या ७ लाख २० हजारांवर गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्यात एक्स-३ही होती. ३० जानेवारी २०१९ला ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, हे आठवतं ना? तशा रात्री शँपेनहून परतताना इंटरस्टेट ५७वर गाडी बंद पडली, तर हीटरही बंद. इथे प्रश्न डॉलरचा राहत नाही.

मग करायचं काय? काचेखाली कोपऱ्यात १७ आकडी-अक्षरी व्हिन नंबर असतो. तो केंद्र सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याकडे तपासून पाहा. राहिलेली रिकॉलची दुरुस्ती दुसऱ्या मालकालाही सहसा फुकट मिळते. सर्व्हिसची कागदपत्रं मागा. नसतील तर नमस्कार करून पुढे चला. डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून, इंजिन पूर्ण गार असताना, गाडी तपासून घ्या. गाडी खालून पाहायला सांगा, कारण इथलं रस्त्यावरचं मीठ ब्रेकच्या नळ्या खातं.

इलिनॉयच्या कायद्याने जुलै २०१७ पासून दीड लाख मैलांच्या आतल्या जुन्या गाडीच्या इंजिन-गिअरबॉक्सची जबाबदारी सहसा १५ दिवस किंवा ५०० मैल, यांतलं आधी संपेल तोवर, डीलरवर असते. पहिल्या दोन दुरुस्त्यांना आपल्या खिशातून प्रत्येकी १०० डॉलरपर्यंत जाऊ शकतात. खासगी व्यवहाराला हे संरक्षण नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यातच गाडी भरपूर चालवून पाहा.

कमी कटकट हवी असेल तर लेक्सस एनएक्स किंवा २०१३ ते २०१८ची व्ही-सिक्स अ‍ॅक्युरा आरडीएक्स पाहावी. नाहीच, जर्मनच हवी, तर खुशाल घ्या. पण किमतीतून वाचलेल्या पैशांतले तीन-चार हजार बाजूला ठेवूनच. ते जवळ नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडली असं समजू नये. आणि गाडी मुलीच्या हाती देणार असाल, तर मेकॅनिकची तपासणी आधी, पेढे नंतर!