चाळकेवाडीचा सरडा

साताऱ्याजवळील चाळकेवाडीचे पठार जांभ्या दगडाचे, खुरट्या गवताचे. महसुली दप्तरांत अशा भूमीस 'पडीक' म्हणून आम्ही मोकळे होतो! तेथेच जेमतेम वीतभर लांबीचा एक सरडा राहतो. पावसाळ्यापूर्वी नर दगडावर चढून गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडतो. मादीने पाहावे, प्रतिस्पर्ध्याने हटावे म्हणून. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीस नाव दिले तेही आपल्या मराठीतलेच, 'सरडा'.

या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, की चक्क्यांपाशी शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले. ऐकून बरे वाटेल. परंतु भय ओसरलेले ते सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नसत, आणि नरांच्या झालरीचा रंगही फिका पडला होता.