आठवड्याचा बाजार आणि आपली जागा

खानदेशातल्या माणसाला आठवड्याचा बाजार समजावून सांगावा लागत नाही. वार उजाडला की पाय आपोआप तिकडे वळतात. भुसावळचा रविवार, कुठल्या गावाचा मंगळवार, कुठल्या गावाचा शुक्रवार, हे पंचांग इथे शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असते. पण बाजार सगळ्यांचा असतो, हे जे आपण सहज बोलून जातो ते तपासून पाहिले पाहिजे. बाजारात येणारे सगळे असतात, हे खरे. पण कोणी काय विकायचे आणि कोठे बसून विकायचे, हे बाजार भरायच्या आधीच ठरलेले असते. ते कसे ठरले आणि आज ते कसे बदलता येईल, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. माझे गाव धुळे तालुक्यातले. घरात पदवी घेतलेला पहिला मीच. गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांतील बाजार मी पाहतो आहे. कधी चार-दोन विद्यार्थी बरोबर असतात. आम्ही कागदावर बाजाराचा नकाशा काढतो. कोण कोठे बसले, काय विकते, सावली कोणावर आहे, पाणी कोठे आहे, याची नोंद करतो. हे काम मला फार अवघड गेले नाही. बाजाराचा नकाशा मी लहानपणीच शिकलो होतो, कारण माझी माय केरसुण्या विकायला बसते आणि मी तिच्या मागे पोत्यावर बसून अभ्यास केला आहे.

कोणताही बाजार घ्या. रस्त्याला लागून कापड, भांडी, तयार कपडे. त्याच्या आत भाजीपाला: भरताची हिरवी वांगी, मेथी, पोकळा, गंगाफळ, हंगामात मेहरूणची बोरे. मग मिरची-मसाला, गूळ, दादरीचे दाणे. एका अंगाला भजी, जिलेबी, शेव. पुढे माठ आणि खापर घेऊन कुंभार. त्याच्या पलीकडे बुरडाची सुपे आणि टोपल्या. घिसाड्याचे विळे, खुरपी. आणि अगदी कडेला, जिथे गटार येते किंवा मटणाची दुकाने सुरू होतात, तिथे चपला शिवणारे, दोर-दावे विकणारे आणि केरसुण्या विकणाऱ्या बाया. दोन्ही शहरांत आम्ही काढलेले नकाशे एकमेकांवर ठेवले तर मधले पुष्कळ बदलते, कड मात्र बदलत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती आठवड्यातून एक दिवस बाजारात येऊन बसते, पण येताना आपले गावकूस बरोबर घेऊन येते.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे. बलुत्यात वस्तूला किंमत नसते. मांगाने वर्षभर कुणब्याला कासरा, दावे, मुसके पुरवायचे आणि खळ्यावर जे पसाभर मिळेल ते घ्यायचे. किती मिळेल हे देणाऱ्याने ठरवायचे. महाराच्या वाट्याला तर विकता येईल अशी वस्तूच नव्हती. त्याची रात्रंदिवस राबणूक हेच त्याचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याच राबणुकीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

या पार्श्वभूमीवर बाजाराचे महत्त्व ध्यानात घ्यावे. माझ्या आजाने वळलेला दोर खळ्यावर गेला तर त्याची भीक होत असे. तोच दोर बाजारात गेला तर त्याला भाव येत असे. घेणारा घासाघीस करी, शिव्या देई, पैसे वरून टाकी. पण ‘केवढ्याला?’ असा प्रश्न त्याला विचारावा लागे आणि उत्तर माझा आजा देई. बलुतेदाराला ‘नाही’ म्हणता येत नाही, विकणाऱ्याला म्हणता येते. एवढे स्वातंत्र्य बाजाराने दिले आणि ते लहान नाही.

परंतु बाजाराने भाव दिला, जागा दिली नाही. आणि हातही मोकळा केला नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात दाखवून दिले, की जातिव्यवस्था नुसते काम वाटून देत नाही, ती काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडते आणि त्यांना खालीवर रचते. बाजारात हे डोळ्यांनी दिसते. आमच्या हातची केरसुणी चालते, दोर चालतो, चप्पल चालते. कोरडी भाजीही आता चालू लागली आहे. पण शिजवलेले अन्न? दूध? आम्ही पाहिलेल्या बाजारांत भजी-जिलेबीच्या रांगेत आमच्यापैकी एकच जण भेटला. तो आडनाव सांगत नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात. ज्या हातांनी शिंदीची पाने भिजवली, चिरली आणि बांधली त्या हातांचा चहा मात्र त्या घरात चालेलच असे नाही.

त्यात दुसरे संकट आले ते नायलॉनचे. घायपाताचा आणि अंबाडीचा दोर पावसात कुजतो, नायलॉनचा कुजत नाही आणि स्वस्त पडतो. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा कासऱ्याची गरजच कमी झाली. प्लॅस्टिकच्या झाडूने केरसुणीला मागे ढकलले. जातीने जो धंदा गळ्यात बांधला होता तो यंत्राने सोडवला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की जुना धंदा गेल्यावर नव्या धंद्यात शिरायला भांडवल आणि जागा लागते आणि ती ज्यांच्याकडे आधी होती त्यांच्याकडेच राहिली. आमच्या बाया पहाटे लिलावात भाजी घेतात. त्यासाठी हातउसने पैसे लागतात. एकीने मला हिशोब सांगितला: सकाळी नऊशे हातात घ्यायचे, संध्याकाळी हजार द्यायचे. तिच्याकडे तराजू नाही म्हणून ती वाटे लावून विकते. एक वाटा दहाचा, संध्याकाळी दोन वाटे दहाचे. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे ठेवले होते. तिने अर्ज केला नव्हता. आपण फेरीवाले आहोत याचा कागद तिच्याजवळ नव्हता.

इथे कागदाचा प्रश्न येतो आणि माझ्या घरचा प्रश्नही इथेच येतो.

माय ज्या बाजारात बसते तिथे सिमेंटचे ओटे बांधायचे ठरले. नावांची यादी लागली. यादीत मायचे नाव नव्हते. मी चौकशी केली तेव्हा विचारणा झाली, ‘जुन्या पावत्या आहेत का?’ माय वीस-बावीस वर्षे त्याच जागेवर बसते. दर बाजाराला वसुलीवाला येतो, पैसे घेतो. पावती कधी फाडतो, कधी नाही. फाडली तरी माय ती कमरेच्या पिशवीत ठेवी आणि पावसात तिचा लगदा होई. मला राग आला. मी मायला म्हणालो, ‘तू मधे जाऊन बस, पाहू कोण उठवते.’ ती म्हणाली, ‘बापू, आपली जागा आठेच शे.’

तिच्या या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. आधी वाटले, ही शतकांची सवय बोलते आहे. मग कळले, की ती दुसरेही काही सांगत होती. ही जागा तिने बसून बसून मिळवली आहे, तिची गिऱ्हाइके तिला इथेच शोधत येतात, म्हणून ती आपली आहे. पहिला अर्थ गुलामीचा आहे, दुसरा हक्काचा. आपले काम पहिला अर्थ पुसून दुसरा कागदावर आणण्याचे आहे.

आणि त्यासाठी कायदा आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा शहरांना लागू आहे. त्यानुसार नगरपालिका-महानगरपालिकांनी पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे आहे आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचे आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे कायदाच सांगतो. परंपरेने जिथे विकणारे-घेणारे जमतात त्या जागेला समितीच्या शिफारशीवरून ‘नैसर्गिक बाजार’ ठरवण्याची तरतूदही त्यात आहे. खेड्यातल्या बाजाराची फी ग्रामपंचायत घेते, तिथे प्रश्न ग्रामसभेत मांडावा लागतो. आणि कोणी जात पाहून देण्याघेण्यावर बहिष्कार टाकत असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे.

शासनाने २०१६ साली शहरांतून संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. शेतकऱ्याने मधल्या दलालाशिवाय थेट गिऱ्हाइकाला विकावे, हा हेतू चांगला आहे. पण ज्याच्याजवळ शेत नाही, नुसते हात आहेत, त्याने कोठे बसायचे? बाजाराची नवी योजना आखणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आमचा असाही एक बाजार मी पाहिला आहे. १९३७ साली बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या आठवणीने दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसे जमतात. पुस्तके विकली जातात, तसबिरी विकल्या जातात, वडे तळले जातात. तळणाऱ्याचा हात कोणाचा, हे कोणी विचारत नाही. तिथे कड कोणती आणि मध्य कोणता, हे मला सांगता येणार नाही. माझ्या दृष्टीने बाजार असा असतो.

आम्ही सध्या एक साधे काम करतो. दर रविवारी विद्यार्थी पावत्या मागून घेतात, त्यावर तारीख घालतात आणि वहीत चिकटवतात. प्रत्येक बाईची एक वही. वसुलीवाला पहिल्यांदा चिडला, आता न मागता पावती फाडतो. मायच्या वहीत सतरा पावत्या झाल्या आहेत. सर्वेक्षणाची मागणी करणाऱ्या अर्जावर एकतीस विक्रेत्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. त्यात केरसुणीवाल्या आहेत, चपलावाले आहेत, बुरूड आहेत, दोन कुंभारही आहेत. अर्ज अजून टेबलावर पडून आहे.

एक विद्यार्थी मला म्हणाला, ‘सर, तुमचीही नेमणूक दरवर्षी नव्याने होते, तुम्हीही कागद जपून ठेवता का?’ मी हसलो, पण त्याचे म्हणणे खरे होते. तासाला मोल आहे, जागा नाही, अशी माझीही गत आहे. म्हणूनच मी लेखणी धरणाऱ्या माझ्या पिढीला सांगतो: बाजारातून जाताना आपल्या आयाबायांच्या रांगेला वळसा घालून जाऊ नका. मी एकेकाळी तसा गेलो आहे. थांबा, खाली बसा आणि आधी विचारा, ‘पावती दिली का?’